आमच्या गल्लीची नवी शाळा: पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा नळानं घालवला

जून जवळ आला की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकच प्रश्न, नगरपालिकेची नवी शाळा कशी झालीय हो, घालू का पोराला. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून कंटाळलो म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, लांब आहे, चहा घेऊन बसा. गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. नाव लिहीत नाही, कारण उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट काढून नगरपालिकेच्या साहेबांना दाखवणार आणि शाळेच्या बाईंना उगाच खुलासा लिहीत बसावं लागणार. गावातल्यांना कळतंयच.

आधी सांगून टाकतो, मी काय शिक्षणातला जाणकार नाही, फरशी बसवतो. वीस वर्षं झाली, शहाबादीपासून चार बाय दोनच्या व्हिट्रीफाइडपर्यंत सगळं हातानं बसवलंय. धाकटी तिसरीत याच शाळेत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यामुळं लिहिण्यात जरा आपलेपणा येणार, तेवढा वजा करून वाचा. आणि शाळेच्या फरशीचं काम मला मिळालं नव्हतं, ठेकेदारानं बाहेरची लेबर आणली होती, म्हणून हा खवचट बोलतोय असं कुठं वाटलं तर तेही वजा करा. दोन्ही वजा करून उरतात ते साडेतीन.

जुनी शाळा ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. मंगलोरी कौलं, दगडी भिंत, शहाबादी फरशी, घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. मी पण चौथीपर्यंत तिथंच. दाराशेजारच्या भिंतीवर गुरुजींनी ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या होत्या, खालची २००५ च्या पुराची, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, आणि वरची २०१९ ची, ती सहा फुटांवर. त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे विचार करा. आमच्याकडं पाणी उतरल्यावर वर्गात नडगीभर गाळ, हजेरीपटं फुगून पुरीसारखी झालेली, आणि तो वास, तो पुढं दोन वर्षं कुठल्या फिनेलनं गेला नाही. २०२१ ला परत पाणी आलं. मग भिंतीनं पोट काढलं, वरचं लाकूड वाळवीनं पोखरलेलं निघालं, स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि दारावर 'धोकादायक' अशी पाटी लागली.

पाटी लागली म्हणजे शाळा पाडली असं नसतंय बरं का. निर्लेखन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हणजे जुनी इमारत आधी कागदावरनं उतरवायची, ती उतरल्याशिवाय पाडता येत नाही, पाडल्याशिवाय त्या जागेवर नवीन धरता येत नाही, आणि हे सगळं होईपर्यंत पोरं समाजमंदिरात. एका हॉलमध्ये चारही इयत्ता, पहिलीचं पाढे चाललेत तर चौथीला गणित ऐकू येत नाही, कुणाचं लग्न निघालं की शाळेला सुट्टी, बारशाला अर्धी सुट्टी. दोन वर्षं आणि वर एक पावसाळा असं काढलं. या काळात पट किती खाली आला ते सांगायची मला लाज वाटते. शेवटी शेवटी बाई स्वतः घरोघरी जाऊन पोरं टिकवत होत्या.

आता कंपाऊंडची गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. इमारत मंजूर व्हायच्या आधी कंपाऊंड मंजूर झालं. वेगळा हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, वेगळा निधी, आणि तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत जातोय. मग काय, पडायला आलेल्या शाळेभोवती झकास नवी भिंत उभी राहिली, वर काचा लावून, रंग देऊन. लोक फोटो काढायला यायचे. पुढं शाळा पाडायची वेळ आली तेव्हा जेसीबी आला, तो कसाबसा गेटातून आत गेला, पण राडारोडा न्यायला डंपर आला तो काही वळेना. शेवटी उत्तरेकडची पंधरा फूट भिंत पाडली, सहा महिन्यांची पण नव्हती ती. माझ्यादेखत पाडली, मी टपरीवर चहा पीत होतो, आणि टपरीवाला म्हणाला, "मिस्त्री, भिंतीचं बारसं आणि बारावं एकाच वर्षात झालं बघा."

ती पंधरा फूट भिंत आजतागायत नाही. का नाही? कारण भिंतीच्या कामाची फाइल 'काम पूर्ण' म्हणून बंद झालेली, आणि इमारतीच्या अंदाजपत्रकात भिंत धरलेलीच नाही. कागदावर भिंत आहे म्हणून ती बांधायला पैसे मागता येत नाहीत, आणि जागेवर भिंत नाही म्हणून डुकरं येतात. सध्या तिथं बांबू, हिरवी नेट आणि सिमेंटची रिकामी पोती आहेत, पालकांनी लावलेली. एक अख्खा स्टार मी इथंच कापला.

बरं, आता इमारत. इथं मात्र तोंड भरून बोलतो.

आमच्या भागातली जमीन काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, अशा मातीवर वरच्यावर पाया भरला की चार वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा पडतात, आमच्या अर्ध्या गावाच्या घरांना आहेत. शाळेचं फुटिंग खाली मुरूम लागेपर्यंत नेलंय, मी स्वतः खड्ड्यात उतरून बघितलंय. कॉलम आणि प्लिंथचे, म्हणजे जोत्याचे, बीम व्यवस्थित. घोळ झाला तो भरावात. प्लिंथच्या आत मुरूम टाकायचा तर खोदताना निघालेली काळी मातीच परत आत ढकलायला लागले होते, वाहतूक वाचली ना तेवढीच. मुकादमाला म्हटलं, दादा ही माती फुगणार, वरची फरशी उचलणार. तो म्हणाला, "तुम्ही फरशीचं बघा की." म्हटलं फरशीचंच बघतोय. बाईंना फोन केला, बाईंनी नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांना केला, आणि साहेब, हे मुद्दाम लिहितो, त्याच दिवशी संध्याकाळी आले, माती काढायला लावली आणि थराथरानं मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवून घेतला. सगळे साहेब सारखे नसतात. त्यानंतर आम्ही पालकांनी पाळीच लावली, रोज एकजण जाता येता अर्धा तास थांबायचा, स्लॅबवर पाणी मारलं का, गोणपाट ओलं आहे का. बायका जास्त कडक होत्या. एक वहिनी तर रोज सकाळी सातला कॉलमला हात लावून बघायच्या, कोरडा लागला की मुकादमाला झोपेतनं उठवायच्या.

प्लिंथ जमिनीपासून चार फूट वर घेतलाय. म्हणजे २००५ एवढं पाणी आलं तर शाळा कोरडी, २०१९ एवढं आलं तर वर्गात दोन फूट येणारच, खोटं कशाला बोलू. पण स्विचबोर्ड सगळे वर घेतलेत आणि शाळेच्या कागदपत्रांसाठी भिंतीतले कप्पे पाच फुटांच्या वर आहेत, म्हणजे निदान हजेरीपटं वाचतील. ही पुराची अक्कल नवीन इमारतीत आली याचं मला लय समाधान वाटलं.

पण चार फूट उंची आली की रॅम्प आला, आणि इथं गणित फसलं. अपंग मुलांच्या रॅम्पला एकास बारा असा उतार पाहिजे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. चार फुटाला झाले अठ्ठेचाळीस फूट. यांनी नकाशात जुन्या उंचीचा रॅम्प धरलेला, प्लिंथ वाढवला पण रॅम्प तसाच, वीस फुटांत बसवलाय. तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्यावर पोती घेऊन घसरतात, मजा येते त्यांना. चाकाची खुर्ची मात्र दोन माणसं लावल्याशिवाय वर जात नाही. मध्ये वळणं घेऊन मागं-पुढं फिरवला असता तर तेवढ्या लांबीत बसला असता, मी कोळशानं जमिनीवर काढून दाखवलं होतं, पण तोवर काँक्रीट पडलं होतं.

वर्ग चार आहेत, शिवाय ऑफिस, स्वयंपाकाची खोली. उजेड मस्त, खिडक्या समोरासमोर असल्यामुळं वारं खेळतं, मेमध्ये दुपारी जाऊन उभा राहिलोय मी. फळे हिरवे, काचेचे. फरशी व्हिट्रीफाइड, आता व्यवसायाचं बोलतो, वर्गातली फरशी दहापैकी आठ. सांधे सरळ, लेव्हल चांगली, दोन-तीन ठिकाणी टकटक केलं तर पोकळ वाजते, म्हणजे खाली मसाला भरला नाही, तिथं टेबलाचा पाय आला की फुटणार. व्हरांड्यात पण तीच गुळगुळीत फरशी घातलीय, ही चूक. व्हरांड्यात पावसाचं पाणी येतं, पोरं पळतात, तिथं कोटा किंवा खरबरीत टाईल पाहिजे होती. पहिल्याच पावसात दोघं पडली, एकाची हनुवटी फुटली. आता बाई पाऊस आला की पोती अंथरतात. पोती या शाळेत सगळ्या रोगावर औषध आहे असं दिसतंय.

आणि संडास-बाथरूम. मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं, पाणी आहे, दाराला कड्या आहेत, नगरपालिकेच्या शाळेत हे लिहावं लागतं यातच सगळं आलं. ढाळ बरोबर दिलाय का बघायला मी एक बादली ओतली, दहा फुटाला दीड इंच तरी पाहिजे, मुलींकडं पाणी सरळ जाळीत गेलं, मुलांकडं मध्येच तळं. तिथं रोज शिपाईमामा खराट्यानं पाणी ढकलतात.

नळाचं सांगतो. हात धुवायला बाहेर मोठ्ठा कट्टा केलाय, स्टीलचे आठ नळ, वर टाइल्स, दिसायला एकदम हॉटेलसारखा. उद्घाटनाला सगळ्या पाहुण्यांनी तिथं हात धुतले, छान छान म्हणाले. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या आधी पहिलीचा वर्ग लायनीत आला आणि एकाही पोराचा हात नळाला पुरेना. कट्टा तीन फूट उंच, त्याच्यावर नळ. साडेतीन फुटाचं पोर, त्यानं टाचा वर करून, कट्ट्यावर पोट टेकवून, बोटांनी नळ फिरवला, तर पाणी सगळं कोपरावरनं सदऱ्यात. मागचं पोर म्हणालं "काका उचला की". मी बारा पोरं उचलून हात धुवायला लावली त्या दिवशी, कंबर धरली. आठातले तीन नळ खाली, दोन फुटांवर घेतले असते तर काय बिघडत होतं? साहेबांना विचारलं तर म्हणाले स्टँडर्ड ड्रॉइंग आहे. असेल, पण ते ड्रॉइंग काढणाऱ्यानं पहिलीतलं पोर कधी बघितलेलं नाही एवढं नक्की. हा अर्धा स्टार.

आता पैशाचं. लोकांना वाटतं नगरपालिकेनं शाळा बांधली, एक रक्कम आली, एक ठेकेदार, एक बिल. तसं नसतं. आमच्या एका शाळेत चार तोंडं आहेत. खोल्या जिल्हा नियोजन समितीच्या पैशातनं, जिला सगळे डीपीडीसी म्हणतात, पालकमंत्री अध्यक्ष आणि कलेक्टर सदस्य सचिव. संडास आणि हात धुवायचा कट्टा १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतनं, बंधित म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, त्यातनं खोलीला एक वीट लावता येत नाही. कंपाऊंड तिसऱ्याच हेडातनं, ते रामायण वर सांगितलं. आणि वर्गातला मोठा डिजिटल फळा एका कंपनीच्या सीएसआरमधनं, म्हणजे सामाजिक कामाच्या पैशातनं. प्रत्येक तोंडाचं वेगळं अंदाजपत्रक, वेगळी तांत्रिक मान्यता, वेगळी प्रशासकीय मान्यता, वेगळं टेंडर, वेगळी एमबी म्हणजे मोजमापाची वही, आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही. म्हणूनच कट्टा जिथं संपतो तिथून व्हरांड्यापर्यंत सहा फूट मातीच आहे, दोन्ही अंदाजपत्रकांनी ती दुसऱ्याची समजली. पोरं हात धुवून येतात ती चिखलातनं.

कामाचा बोर्ड लावलेला, योजनेचं नाव, रक्कम, मुदत, सगळं. रंग असा दिला होता की पहिल्या वळवात रक्कम वाहून गेली, फक्त 'लक्ष' एवढं राहिलं. कुणावर लक्ष ते तुम्हीच ठरवा.

घरपट्टीच्या पावतीवर शिक्षण कर असतो, त्यावरनं गल्लीत भांडण झालं होतं. शेजारचे नाना म्हणाले, आम्ही दरवर्षी शिक्षण कर भरतो मग शाळेला पैसे नाहीत कसं म्हणता, खाल्ले कुणी. मी पण तसंच समजत होतो. नंतर नगरपालिकेच्या वसुलीतल्या एका ओळखीच्या माणसानं समजावलं, हा राज्य सरकारचा कर आहे, १९६२ च्या कायद्यातला, नगरपालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडं भरते. म्हणजे नानांचा पैसा मुंबईला जातो, तिथनं तो कुठल्या वाटेनं परत येतो ते नानांच्या गल्लीला दिसत नाही. नानांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आपलीच कोंबडी आणि अंडं मागायला मंत्रालयात."

एक गोष्ट मात्र प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावी अशी आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण मीटिंगला सह्या करायला बोलावतात. पण कलम २२ कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारनं किंवा स्थानिक संस्थेनं त्या आराखड्याच्या आधारावर नियोजन आणि अनुदान द्यायचं. म्हणजे उलटं, खालून वर. आम्ही आराखडा केला, बाईंच्या अक्षरात, बारा पानं, स्वयंपाकाची खोली, दोन्ही संडास, पुराची उंची, सगळं घातलं, आणि तिघंजण घेऊन गेलो. क्लार्क म्हणाला, "हे कशाला आणलंय, कामं वरनं मंजूर होतात." आमच्या समितीतल्या एक ताई, भाजीचा गाडा आहे त्यांचा, त्या म्हणाल्या, "असूंदे, तुम्ही शिक्का मारा." आवक नंबर घेतल्याशिवाय त्या हलल्या नाहीत, मागं लाइन लागली तरी. तो शिक्का पुढं कामाला आला. पहिल्या नकाशात स्वयंपाकाची खोली नव्हतीच, तेव्हा आराखड्याचं ते पान पुढं केलं आणि ती घालून घेतली. नळाची उंची आराखड्यात लिहायची आम्हालाही सुचलं नाही, तेवढी चूक आमची.

मधली काही वर्षं नगरपालिकेत निवडून आलेलं कुणी नव्हतंच, मुख्याधिकारीच प्रशासक. आधी नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता तरी यायचं. प्रशासकाच्या काळात फाइल पळाली लवकर, हे पण खरं आहे, पण ती कुठं पळतेय ते विचारायला माणूस नव्हता. भूमिपूजनाला मात्र सगळे आले, आजी, माजी, भावी. भाषणात प्रत्येकानं कर्मवीर अण्णा काढले, लक्ष्मीबाईंनी वसतिगृहासाठी अंगावरचे दागिने मोडले ते काढलं. आमच्या सांगली-साताऱ्यात शाळेच्या कार्यक्रमाला रयत निघाल्याशिवाय नारळ फुटत नाही. ऐकताना भरून येतं, खोटं नाही, पण पंधरा फूट भिंतीचं कुणी बोललं नाही.

झेडपीच्या शाळांशी तुलना करू नका असं बाई म्हणतात, पण मी करतो. आमच्या जिल्ह्यात झेडपीनं आदर्श शाळांचा उपक्रम घेतला, खेड्यातल्या शाळा बघून या, डोळे दिपतात, रंगवलेल्या भिंती, बागा. नगरपालिकेची शाळा ना त्या यादीत, ना महापालिकेसारखं मोठं बजेट. केंद्राची पीएमश्री योजना म्हणाल तर देशभरात साडेचौदा हजार शाळा, आपला नंबर कुठं लागतोय. मधल्या मुलासारखी अवस्था आहे, थोरल्याचं कौतुक, धाकट्याचे लाड.

आणि आता उरलेला, सगळ्यात खटकलेला भाग. बांधायला पैसा मिळतो हो. फित कापता येते, फोटो येतो. बांधलेलं चालवायला मिळत नाही. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतनं शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं ते पटावर, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. आमचा पट ५७, म्हणजे २५ हजार, त्यातले १० टक्के तरी स्वच्छतेला लावायचे. त्यात खडू, रजिस्टर, फिनेल, नळाचे वायसर, बल्ब, टाकी धुणं, किरकोळ दुरुस्ती, सगळं. जुन्या शाळेत दोन बल्ब होते, आता सोळा ट्यूब, आठ पंखे, पाण्याची मोटर आणि तो डिजिटल फळा. इमारत वाढली, बिल वाढलं, अनुदानाला काय त्याची खबर. दिवाळीपर्यंत पैसे संपले. जानेवारीत मोटर जळली तेव्हा पालकांनी वर्गणी काढून गुंडाळून आणली, मिस्त्री, रिक्षावाले, शेतमजूर, ज्याचे त्यानं पन्नास-शंभर. डिजिटल फळ्यावर एक फुलाफुलाचं कापड घातलेलं असतं, बाईंच्या घरचा पडदा आहे तो, धूळ बसू नये म्हणून. गुरुवारी काढतात, चौथीला विज्ञानाचे व्हिडिओ दाखवतात, परत झाकतात. रोज का नाही विचारलं तर बाई म्हणाल्या, "बिघडला तर दुरुस्तीला कोण देणार, त्यापेक्षा जपून वापरलेला बरा." माझी आई नवीन मिक्सर असाच वापरायची.

ठेकेदाराकडं दोषदुरुस्तीची मुदत असते, त्यात गळती, तडा निघाला तर त्यानं फुकट करून द्यायचं आणि त्याची अनामत तोवर नगरपालिकेकडं अडकलेली असते. पण हे शाळेला कुणी सांगत नाही. आम्ही पोकळ फरशांवर खडूनं फुल्या मारून फोटो काढून अर्ज दिलाय, व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात स्लॅबला ओल येते तिचाही. दोनदा माणूस येऊन बघून गेला. बघणं चांगलं करतात.

शिकवण्याबद्दल लोक विचारतात, ते थोडक्यात. दोन शिक्षक, बाई आणि एक सर, चार इयत्ता. दोघं जीव तोडून शिकवतात, सर बाहेरगावहून गाडीनं येतात पण घंटेच्या आधी हजर. माझ्या धाकटीला मराठी धडाधड वाचता येतं, पाढे वीसपर्यंत, इंग्रजी वाचते पण बोलत नाही. गल्लीतली तीन पोरं इंग्लिश मिडीयममधनं इकडं आलीत, एकाचं कारण फी, एकाचं कारण आजी, तिसऱ्याला विचारलं तर म्हणाला इथं ग्राउंड आहे. दोन शिक्षकांत चार वर्ग म्हणजे दोन वर्ग कायम आपलेआपले असतात, हे आहे, ते लपवून उपयोग नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन असं आहे. संच मान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पुढं काय होईल ते होईल, ती ३० सप्टेंबरच्या पटावर धरतात, पण ५७ वर बसून तिसरा शिक्षक मागताच येत नाही. चार पोरं कमी आहेत. आता कळलं ना मी एवढं लांब का लिहितोय.

तर घालावं का? घर एक किलोमीटरच्या आत असेल, पोराला पायी पाठवता येत असेल, आणि महिन्यातनं एकदा तरी तुम्ही स्वतः शाळेत डोकावणार असाल, तर बिनधास्त घाला. फी भरून मोकळं व्हायचं असेल तर नका घालू, कारण इथं भिंत पालकच, मोटर पालकच.

आणि दुसऱ्या गावातले कुणी हे वाचत असतील आणि त्यांची शाळा नुकतीच मंजूर झाली असेल तर काम सुरू व्हायच्या आधी नकाशा मागून घ्या, शाळेत लावा, आणि पहिलीतल्या पोराला शेजारी उभं करून टेप लावा. नळ, कडी, फळा, स्विच, सगळं. डंपर कुठनं जाणार तेही विचारा.

नळाचं मी माझ्यापुरतं मिटवलंय. एका बंगल्याच्या कामावरनं कोटाचे तुकडे उरले होते, मालकाला विचारून आणले आणि एका रविवारी कट्ट्यापुढं एक पायरी केली, दीड फूट उंच, कडा घासून गोल केल्या, पायाला लागू नयेत म्हणून. बाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, याची नोंद कशात करू? लोकसहभागात?" म्हटलं करा. किंमत किती लिहू म्हणाल्या, तर मला काही सांगता येईना. सोमवारी पहिलीची लाइन आली, पायरीवर चढली आणि हात धुतले. एक बारकं पोर तरी पुरेना, त्याला चौथीतल्या पोरीनं उचललं.

शनिवारी सकाळची शाळा असते, साडेसातला या, बाई असतात, सगळी शाळा फिरवून दाखवतात. येताना गेटातनं या, नेटच्या फटीतनं नको, परवाच नवीन बांबू बांधलेत.